टीव्ही बिघडला: कुठल्या दुरुस्तीला किती, आणि कुठे थांबायचं

वॉरंटी संपून जेमतेम वर्ष झालेलं असतं. टीव्ही काळा पडतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस येतो, पाच मिनिटं बघतो आणि सांगतो, "पॅनल गेलंय, अठरा हजार." तेवढ्याच आकाराचा नवा टीव्ही बावीस हजारांना मिळत असतो. अशा वेळी लगेच हो म्हणू नका आणि टीव्ही लगेच भंगारातही काढू नका. आधी नेमका कुठला भाग गेला आहे ते नक्की करून घ्या. एलईडी टीव्हीत खरा महागडा भाग एकच, तो म्हणजे पॅनल. टीव्हीच्या किमतीतला अर्ध्याहून मोठा वाटा त्याचा असतो. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, पॅनलला चित्राचा सिग्नल पुरवणारा टी-कॉन बोर्ड, मागच्या दिव्यांच्या पट्ट्या यांची दुरुस्ती हजार-दोन हजारांपासून सुरू होते. निदान चुकलं, किंवा मुद्दाम चुकवलं गेलं, की खर्च दहापट होऊ शकतो.

फोन करण्याआधी घरी काय तपासाल

टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर दुसऱ्या पोर्टात घालून बघा. 'नो सिग्नल' असं दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा बॉक्सचा, वायरचा किंवा चुकून बदललेल्या इनपुटचा असतो. रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. स्क्रीनवर बारीक दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला मात्र ही परीक्षा लागू नाही. साधा जुळणारा रिमोट दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो, त्यासाठी कुणाला घरी बोलावण्याची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. आवाज येतोय पण चित्र नाही, अशी तक्रार असेल तर खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. अंधुक का होईना, चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, गेलाय तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. ही दुरुस्ती काही हजारांत होते. ओएलईडी टीव्हीत बॅकलाइट नसतोच, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. मेकॅनिक येण्याआधी या तपासणीचा व्हिडिओ काढून ठेवा. "डिस्प्ले गेला" असं कुणी म्हटलं की तोच दाखवायचा.

स्क्रीनवर उभ्या रेघा असतील तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूवर रेघा नसतील तर दोष बॉक्समध्ये किंवा वायरमध्ये आहे. मेनूवरही रेघा असतील तर पॅनल, त्याच्या कडेच्या पातळ पट्ट्या किंवा टी-कॉन बोर्ड यांपैकी काहीतरी बिघडलंय. अर्धा स्क्रीन काळा असला तरी हेच. चित्र निळसर-जांभळट झालं असेल तर बॅकलाइटचे एलईडी थकलेत. ठिकठिकाणी पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची छोटी भिंगं निखळून पडली आहेत, हे काम स्वस्तातलं. टीव्ही लोगोवर अडकत असेल किंवा सारखा बंद-चालू होत असेल तर सॉफ्टवेअर किंवा मदरबोर्ड. लाल दिवाच लागत नसेल तर बहुधा पॉवर सप्लाय. लाल दिवा लुकलुकत असेल तर एका दमात किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवा. अनेक कंपन्यांच्या टीव्हीत तो आकडा म्हणजेच बिघाडाचा कोड असतो. आणि काचेवर जाळीसारखे तडे असतील, काळी शाई पसरल्यासारखं दिसत असेल, तर पॅनल फुटलंय. त्याला दुरुस्ती नाही आणि वॉरंटीही मिळत नाही.

कशाला किती

हे ढोबळ आकडे आहेत. शहर, ब्रँड आणि मॉडेलप्रमाणे वर-खाली होतील. पण कुणी याच्या दुप्पट सांगितलं तर दुसऱ्या ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

घरी येऊन बघण्याचे, म्हणजे व्हिजिटचे, ३०० ते ६०० रुपये. पॉवर सप्लायची दुरुस्ती ८०० ते २,०००, बोर्डच बदलायचा तर १,५०० ते ४,०००. बॅकलाइटच्या पट्ट्या मजुरीसकट ३२ इंचाला १,२०० ते २,५००, ४३ इंचाला २,००० ते ४,०००, ५५ इंचाला ३,५०० ते ६,५००. टी-कॉन बोर्ड १,००० ते ३,०००. मदरबोर्ड कंपनीचा हवा तर ४,००० ते १०,०००. बाजारात मिळणारा 'युनिव्हर्सल' बोर्ड त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत बसतो, पण मूळ रिमोट, काही अॅप आणि कधी एखादा पोर्ट त्यात जातो. बसवण्याआधी काय काय बंद होणार ते विचारा.

पॅनल: ३२ इंचाचं ५,००० ते ८,०००, ४३ इंचाचं १२,००० ते १८,०००, ५५ इंचाचं २२,००० ते ४०,०००. वर मजुरी. म्हणजे नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ पोचलातच.

रेघा आल्यावर काही दुकानदार 'बाँडिंग' सुचवतात. पॅनलच्या कडेची पातळ पट्टी मशीनने पुन्हा चिकटवायची, २,५०० ते ५,००० रुपये. हे काम सगळीकडे होत नाही, आणि झालं तरी रेघा परत येण्याचा धोका असतो. किमान तीन महिन्यांची लेखी हमी मिळत असेल तरच करून घ्या.

"पॅनल बदलावं लागेल" म्हणजे नेमकं काय

ग्राहक सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतो, म्हणून जरा सविस्तर. काही कंपन्या बॅकलाइटच्या पट्ट्या सुट्ट्या देतच नाहीत. काच, दिवे, मागचा पत्रा असा अख्खा संच त्या एका पार्ट नंबरखाली विकतात. त्यामुळे बिघाड आठशे रुपयांच्या पट्टीत असला तरी अधिकृत सेंटरचं कोटेशन पंधरा हजारांचं येतं. तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या यादीत दुसरा पर्यायच नसतो. तुम्ही थेट विचारायचं: "पॅनल स्वतः खराब आहे, की फक्त बॅकलाइट गेलाय? पट्ट्या वेगळ्या मिळतात का?" उत्तर जॉबकार्डवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदपावतीवर, लिहून घ्या. बॅकलाइटच गेला असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर चांगल्या स्थानिक मेकॅनिककडे जाण्यात शहाणपण आहे. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेरच्या कुणालाही टीव्ही उघडू देऊ नका. सील तुटलं की कंपनी हात वर करते.

बॅकलाइट बाहेर करून घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, सगळ्या पट्ट्या बदलायच्या. एलईडी एका माळेत जोडलेले असतात, एक गेला की माळच बंद पडते. स्वस्तात काम करणारा फक्त गेलेला एलईडी बदलतो किंवा तो वगळून जोड देतो. टीव्ही चालू होतो, पण बाकीचे एलईडी तितकेच जुने असतात आणि काही महिन्यांत तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे असता. दुसरी, काच कोण सांभाळणार. पट्ट्यांपर्यंत पोचायला आख्खं पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि मोठ्या स्क्रीनला ते करताना तडा जाऊ शकतो. टीव्ही देतानाच पावतीवर लिहून घ्या की उघडताना पॅनल फुटलं तर भरपाई दुकानदाराची. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान शोधा. ४३ इंचांच्या वरचा टीव्ही उघडायला दोन माणसं लागतात. एकटा मेकॅनिक घरातल्या पलंगावर टीव्ही पालथा घालून उघडायला निघाला, तर त्याला थांबवा.

दुरुस्त होऊन आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइटची पातळी ५०-६० वर आणा. दुकानात चमकावा म्हणून दिलेला 'डायनॅमिक' मोड घरात लागत नाही, आणि एलईडी त्यानेच लवकर जळतात.

कुणाला बोलवायचं

कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका. शोधात वर येणारे बरेच 'कस्टमर केअर' नंबर खासगी दुकानांचे असतात आणि काही थेट ठगांचे. खरा नंबर वॉरंटी कार्डवर, टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत, टीव्हीच्या सपोर्ट मेनूत किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर असतो. तक्रार नोंदवण्यासाठी "दहा रुपये या लिंकवर भरा" किंवा "हे अॅप डाउनलोड करा" असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, जितका उशीर तितकी ते परत मिळण्याची शक्यता कमी.

घरी आलेल्या माणसाकडे तक्रार क्रमांक विचारा. तो तुमच्या एसएमएसमधल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. "कंपनीतून महाग पडेल, मी बाहेरून करून देतो" असं कंपनीचाच माणूस म्हणाला तर त्या कामाला ना बिल मिळणार ना हमी. असं काम करून घ्यायचंच असेल तर पत्ता असलेल्या दुकानात करा.

स्थानिक दुकान निवडताना जाहिरातीपेक्षा हे बघा: दुकानाची पाटी आणि पत्ता आहे का, छापील पावती देतात का, काढलेला जुना भाग परत देतात का. सुट्टे भाग स्वतः आणायचे असतील तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. जाताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा आणि काढलेल्या बोर्डावरच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो हवा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनलं असू शकतात, त्यामुळे "४३ इंचाची पट्टी द्या" एवढं सांगून भागत नाही. जुनी पट्टी सोबत न्या. लांबी, एलईडींची संख्या आणि व्होल्टेज जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोनवर तीन हजार, हातात पाच हजार

फोनवर सांगितलेली रक्कम ही बहुतेक वेळा नुसत्या भागाची असते. हिशोब असा वाढतो: भाग ३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. मजुरी ८००, जीएसटी १४४. व्हिजिट ५००, जीएसटी ९०. एकूण ५,०७४. म्हणून प्रश्न एकच विचारा: "सगळं धरून, जीएसटीसकट, माझ्या हातून किती जाणार?" दुरुस्ती केली तर व्हिजिटचे पैसे बिलातून वजा होतात का, आणि नाही केली तर किती द्यावे लागतात, हेही आधीच विचारा.

याशिवाय लपलेले खर्च: भिंतीवरून टीव्ही उतरवणं आणि पुन्हा चढवणं, प्रत्येक वेळी ३०० ते ६००. दुकानात नेण्या-आणण्याचं भाडं. शहराबाहेर राहत असाल तर अंतराचा वेगळा आकार. वॉरंटीत दुरुस्ती फुकट असली तरी भिंतीवरून उतरवण्याचे पैसे काही कंपन्या घेतात. शक्य असेल तर घरच्या दोन माणसांनी टीव्ही आधीच उतरवून टेबलावर ठेवा. काचेला बोटं न लावता, कडेने आणि उभाच धरा.

बिलावर जीएसटी लावला असेल तर त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा तो २७ ने सुरू होतो, गोव्यातल्या ३० ने. नोंदणी नसलेल्या मेकॅनिकला जीएसटी आकारता येत नाही. क्रमांक नसेल तर ती रक्कम देऊ नका. आणि "बिल नको असेल तर कमी करतो" या सवलतीला भुलू नका. बदललेल्या भागावर सहसा तीन महिन्यांची हमी असते, ती बिलाशिवाय शून्य.

जवळ काय काय हवं

खरेदीचं पक्कं बिल, टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो (मॉडेल आणि सिरियल नंबर), बिघाडाचा व्हिडिओ, जॉबकार्ड, लेखी कोटेशन. बिल हरवलं असेल तर ऑनलाइन खरेदीचं तुमच्या खात्यातून पुन्हा उतरवता येतं, दुकानदाराकडे मोबाइल नंबर सांगून दुसरी प्रत मागता येते. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात, बसवल्याच्या नव्हे. नवा टीव्ही महिनाभर खोक्यात ठेवलात तर तो महिना तुमचा गेला. टीव्ही दुरुस्तीला देताना चालू-बंद दोन्ही स्थितीतले फोटो काढा, चारही कोपरे दिसतील असे. रिमोट, स्टँड, वायर दिली असेल तर जॉबकार्डवर लिहून घ्या.

नेहमीची वॉरंटी एक वर्षाची असते. काही कंपन्या दुसरं वर्ष फक्त पॅनलसाठी देतात. त्या दुसऱ्या वर्षात बॅकलाइट 'पॅनल' मध्ये धरतात का आणि मजुरी कोण देणार, हे कार्डावरच्या बारीक अक्षरांत सापडेल. फुटणं, पाणी जाणं, वीज पडणं, उंदीर-पाल-मुंग्या यांनी झालेला बिघाड बहुतेक वॉरंटींमधून वगळलेला असतो.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? ३२ इंचाला नको. ५० इंचांच्या वर, हप्त्यावर घेतलेला टीव्ही असेल तर विचार करा. सही करण्याआधी विचारा: ही कंपनीची आहे की दुकानाने नेमलेल्या तिसऱ्याच कुणाची? पॅनल आणि बॅकलाइट दोन्ही धरलेत का? भाग मिळाला नाही तर काय देणार? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. भाग उपलब्ध नसेल तर अनेक योजनांत दरवर्षीची घट कापून उरलेली रक्कम देतात, कधी रोख नव्हे तर दुकानाचं कूपन. चौथ्या वर्षी हातात किती येणार तो तक्ता आधी बघा.

कुठे थांबायचं

माझं मत स्पष्ट आहे. वॉरंटीबाहेर पॅनल बदलू नये. टीव्ही तीन वर्षांच्या आतला असेल तर नव्याच्या निम्म्यापर्यंत खर्च ठीक. पाच वर्षं उलटली असतील तर एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. दुसऱ्यांदा तोच भाग गेला असेल तर पैसे घालणं थांबवा आणि घरातली वीज तपासून घ्या. अर्थिंग नसणं किंवा दाब सारखा वर-खाली होणं हे बोर्ड जळण्याचं खरं कारण असू शकतं. नव्याची किंमत काढताना आजची काढा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुमच्या जुन्या बिलावरची किंमत धरून केलेला हिशोब चुकेल.

बोर्ड आकाशातल्या विजेनेही जळतो. वळवाच्या पावसात आणि पावसाळ्याच्या तोंडाला ढग गडगडू लागले की टीव्ही नुसता रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिश किंवा केबलची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने मदरबोर्डात शिरतो.

अडवणूक झाली तर

आधी कंपनीला ईमेल करा: तक्रार क्रमांक, तारखा, तुम्हाला काय हवंय आणि किती दिवसांत. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअॅपही चालतं. ही सेवा फुकट आहे आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रारीत ती वेगळी नोंदवा.

तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असलं तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत बिघाडाचं किंवा नकाराचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. दोन हजारांच्या वादासाठी हा रस्ता थकवणारा आहे. वॉरंटीतलं पॅनल नाकारलं असेल, तर मात्र सोडू नका.

जुना टीव्ही देताना

फुटलेल्या टीव्हीचेही पैसे येतात, कारण आतले बोर्ड चालू असतात. भंगारवाला वजनावर घेईल. दुरुस्तीचं दुकान चालू बोर्डांसाठी ३२ इंचाला पाचशे ते दीड हजार देऊ शकतं, म्हणून आधी तिथे विचारा. एक्स्चेंजमध्ये 'चालू स्थितीत' अशी अट असते का ते बघा. दारात आलेला माणूस टीव्ही लावून बघतो आणि ऐनवेळी सवलत कापतो. कुणीच घेत नसेल तर कंपनीला ई-कचरा संकलनाबद्दल फोन करा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत ती जबाबदारी उत्पादकावर आहे. टीव्ही चालू होत असेल तर हातून सोडण्याआधी फॅक्टरी रीसेट करा. चालू होत नसेल तर मोबाइलवरून गूगल आणि ओटीटी खात्यांच्या उपकरणांच्या यादीतून तो काढून टाका, आणि खात्याला कार्ड जोडलेलं असेल तर पासवर्डही बदला.